भांडी वाजली की खांब

लातूर,
गणपती बसायच्या आधीचा रविवार

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या माधवचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा बीपी आणि नांदेडचा पाऊस तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडं आम्ही वरवर खुशाल आहोत. आतून मात्र माझ्या काळजाचं पाणी झालंय, कारण आपलं स्वयंपाकघर पाडायचं घाटतंय. (पाडायचं हा माझा शब्द. आमचा आलोक त्याला रिनोव्हेशन म्हणतो. हैदराबादेत बसून माणसाला असले शब्द सुचतात.) फोन न करता पत्र का, म्हणशील तर फोनवर मी बोललेलं गल्लीला ऐकू जातं, आणि गल्लीच्या आधी इंदूला.

गोष्ट त्या खांबाची आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात आपल्या घराचं भिंतींना भेगा पडण्यावर निभावलं, पण किल्लारीकडून एकेक बातमी येत गेली तसा दादांसारखा धीराचा बाप खचत गेला. महिनाभर ते अंगणात झोपले आणि मलाही शेजारी झोपवलं. मग एके दिवशी गवंडी बोलावून त्यांनी स्वयंपाकघराच्या मधोमध, थेट स्लॅबपर्यंत, हा मिठीत न मावणारा खांब उभा केला. त्या पहाटे मांडणीवरची भांडी वाजली म्हणून आपण जागे झालो होतो, त्यामुळं मांडणी उघड्या भिंतीवरच ठेवायची, ताटं-वाट्या सैल लावायच्या, आणि भांडी वाजली की सगळ्यांनी पळत येऊन खांबाला धरायचं, असा त्यांनी नियम केला. 'भांडी वाजली की खांब' हे आलोकला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. मी स्वतः तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण भूकंपाचा धडा आला की मुलांना म्हणायचो, हा सोपा आहे, घरी वाचा.

आता इंदूची बाजूही सांगायला हवी, नाहीतर तू म्हणशील भाऊ एकतर्फी बोलतो. शेगडीवरचं भांडं मोरीकडं न्यायचं तर तिला दरवेळी खांबाला वळसा घालावा लागतो. (प्रदक्षिणेचं पुण्य लागतं, असं मी एकदा म्हणालो होतो. दोन दिवस वरण बिनफोडणीचं मिळालं.) तरी तिनं खांबाचा कधी दुस्वास केला नाही. उलट दर दसऱ्याला स्वतः स्टुलावर चढून त्याच्या माथ्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधते, ते वाळलं तरी पुढच्या दसऱ्यापर्यंत काढत नाही, आणि मला चढू देत नाही. मला चक्कर येते म्हणून. पण मागल्या महिन्यात भाताची पेज ओतायला निघाली असताना कोपर खांबाला धडकलं आणि उकळती पेज पावलावर सांडली. अजून लंगडते बिचारी. मला फार वाईट वाटलं अक्का, डोळ्यांत पाणी आलं. पण माझ्यात वाईट वाटणं आणि भीती वाटणं यांची कुस्ती लागली की भीतीच वर बसते. इंदूनं सांगून टाकलं की या खांबाला वळसा घालून मी आता रांधणार नाही. तेव्हापासून खिचडी मी करतो. तिच्या चवीवरून तरी निर्णय लवकर घ्यायला हवा.

आलोकनं परस्पर सत्यम नावाचा मॉड्युलर किचनवाला पाठवला. उदगीरचा पोरगा, बोलायला गोड. त्यानं लॅपटॉपवर चित्र दाखवलं. त्यात खांब नव्हता आणि मांडणीही नव्हती. सगळी भांडी खणांत, आणि ते खण आवाज न करता बंद होणारे. आवाज येतच नाही, हे तो कौतुकानं सांगत होता आणि मी मांडणीकडं बघत होतो. भांडी वाजलीच नाहीत तर भूकंप झाला हे कळायचं कसं? हे त्याला विचारणार, एवढ्यात शेजारच्या साहेबरावांनी बोअरचं मशीन सुरू केलं. मांडणी खडखडली. मी सवयीनं पळालो आणि खांबाला कवटाळलं. दुर्दैवानं सत्यम तेव्हा टेप लावून खांब मोजत होता, त्यामुळं तोही मिठीत सापडला. मशीन थांबेपर्यंत मी त्याला सोडलं नाही. आता तो एकटा येत नाही.

मग मी महेबूबभाईंना बोलावलं. आपल्या गल्लीतली निम्मी घरं त्यांनी बांधलेली, म्हटलं ते धीर देतील. त्यांनी खांबावर थाप मारली, वर तोरणाकडं बघितलं, दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "सर, तोडायला काय, तोडू की. पण दादांचा खांब हाय. पहिला घण तुम्ही घाला, मी बाहीर हाय." एवढं ऐकल्यावर मी घणाचा विषयच काढला नाही. ते चहा पिऊन गेले, तोसुद्धा अंगणात उभ्यानं.

तर अशी दशा आहे. खांब ठेवावा तर इंदूचं पाऊल डोळ्यांसमोर येतं, काढावा तर स्लॅब. रात्री कूस बदलत राहतो. बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार सांग.

तुझा भित्रा भाऊ,
माधव

ता. क. – खरं काम राहिलंच. इंदू तुझा शब्द मोडत नाही. तू तिला फोन करून एवढंच सांग की, दादांनी शेवटच्या दुखण्यात तुझा हात धरून 'खांबाला हात लावू नका' असं बजावलं होतं. ते तसं काही म्हणाले नव्हते, हे मलाही माहीत आहे. शेवटी ते फक्त पेढा मागत होते. पण माझ्यासाठी एवढं खोटं बोल.

ता. क. दुसरा – वरचं काम करू नकोस. पाकीट चिकटवायला मी इंदूकडंच दिलं (माझ्या अकलेचं आणखी काय सांगू) आणि तिनं ता. क.सकट सगळं वाचलं. दुखरा पाय घेऊन स्टुलावर चढली, तोरण सोडलं आणि पोळ्या उलटायचा सराटा खांबाच्या माथ्यावरून या बाजूनं घालून त्या बाजूनं बाहेर काढला. अक्का, खांब आणि स्लॅबच्या मध्ये दोन बोटं फट आहे! दादांचा खांब वरचं काहीच धरून नाही. तिला हे लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्यालाच दिसलं होतं. मी म्हणालो, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, "मामंजी अंगणातून घरात आले होते. तुम्हालाही झोप लागायला लागली होती. कशाला बोलू?" आणि आता पाय भाजल्यावर? तर म्हणाली, "वाटलं, आपणहून हो म्हणाल." मी स्टूल धरून तिला खाली उतरवलं.

ता. क. तिसरा – खांब गुरुवारी जातोय. महेबूबभाईंना फट दाखवल्यावर ते आत यायला तयार झाले. मांडणी मात्र राहणार. सत्यमला इंदूनंच ठणकावलं की भांडी वाजायलाच पाहिजेत, नाहीतर आमचे सर झोपायचे नाहीत. मला अजून भीती वाटते, खोटं कशाला सांगू. काल तिला विचारलं, उद्या भांडी वाजली आणि खांब नसला तर मी काय धरू? म्हणाली, "माझा हात धरा अन् बाहीर पळा." बाहेर पळायचं, हे आपल्या घरात तीस वर्षांत कुणालाच सुचलं नव्हतं.