मायच्या गोळ्यांची जागा

नांदुरा, ६ सप्टेंबर २०२४

चि. सुचितास अनेक आशीर्वाद.

पोळ्याला तुझ्याकडे येऊन गेलो, त्यावर चार दिवस विचार करून लिहितो आहे. फोनवर आपले भांडण होते. कागदावर मला शब्द नीट मांडता येतात.

मी मोजून पाहिले. हळदीच्या फोडलेल्या पुड्या पाच. मिक्सरचे भांडे पलंगावर, आत तुझा चष्मा. कपाट रिकामे आणि कपडे खुर्चीवर. खिडकीच्या गजाला मायच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची हिरवी पिशवी, आणि तिच्यात संपलेल्या पाकिटांचा रबर लावलेला गठ्ठा. रिकामे पाकीटही तुझ्याने टाकवत नाही! शेगडी चालू ठेवून तू दारात भाजीवालीशी बोलत होतीस. मी बंद केली. सासरहून तेरा महिन्यांत तुला परत पाठवले ते याच लक्षणांपायी. कडू आहे, पण खरे आहे.

अकोल्याच्या डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आजार, सांगितला म्हणतेस. तीन दिवस मोबाईलवर बसून मी तो विषय वाचून काढला. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. मोटार रिवाइंडिंगही मला कोणी शिकवले नाही, जळालेल्या मोटारी उघडून तारेचे वेढे मोजत शिकलो. तेव्हा हेही मला समजते. उपाय एकच आहे: प्रत्येक वस्तूला जागा, आणि जागेवर नाव. २१ तारखेला शनिवारी सामान घेऊन येतो. तरीही जमले नाही तर दसऱ्यानंतर मायला नांदुऱ्याला आणीन. तिचे वय अठ्ठ्याहत्तर आहे.

तुझे भले चिंतणारा दादा,
गजेंद्र

मोताळा, १२ सप्टेंबर २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि तासाभरात हरवलंही. काल तांदळाच्या डब्यात सापडलं. हस, मीही हसले.

डॉक्टर मला काय म्हणाले ते तुझ्या मोबाईलमध्ये आहे का पाहा. जी वस्तू डोळ्यांआड जाते ती माझ्यापुरती जगातूनच जाते, असं ते म्हणाले. त्रेचाळीस वर्षं मी आळशी आहे असं सगळे सांगत होते, मीही मानत होते. म्हणून आता मी सगळं उघड्यावर ठेवते. तुला तो पसारा दिसतो, मला तो दिसला तरच दिवस उलगडतो.

मायला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाली की, गजाले म्हणा मी काई त्याची मोटार नाही, इथून खोलून तिथं बसवाले. आणि तुझ्या घरी पेला चार बोटं सरकला तरी तू उठून सरळ करतोस, म्हणून तिथं तिला पाणी प्यायचीही धास्ती वाटते म्हणे. वर म्हणाली की हे त्याले लिहू नको. मी लिहिलं.

पण तू तिला नेशील या भीतीने हो म्हणते आहे. शाळेत पोरांना शिकवून परतल्यावर ती दारात बसलेली नसेल तर मी त्या घरी कशाला जायचं? ये शनिवारी. म्हणशील तसं करीन.

लोभ आहेच, तो पसाऱ्यात हरवू देऊ नकोस.
तुझी सुचिता

नांदुरा, २४ सप्टेंबर २०२४

चि. सुचितास आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुझ्या घरातून निघालेले तीन पोती भंगार माझ्या दुकानात उतरवले आहे, सवडीने निवडून विकीन.

दीड दिवसात चौसष्ट डबे लागले, यात माझी थोडीही अतिशयोक्ती नाही. प्रत्येकावर ठळक अक्षरात नाव आहे. भिंतीतले सतरा खिळे उपटून पुट्टी भरली. आता काही लटकवायला जागाच नाही. खिडकीचे गज घासले. स्वयंपाकघराचा नकाशा कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. औषधे स्टीलच्या कपाटात, दुसरा कप्पा, डावीकडे, निळे झाकण.

खिळे उपटताना तू दाराबाहेर जाऊन बसलीस. राग आला असेल तर येऊ दे, पंधरा दिवसांत तूच कौतुक करशील. माय मात्र खिडकीकडे पाहून सारखी विचारत होती की हिरवं काऊन दिसत नाही. मी सांगितले की आता सगळे जागेवर आहे.

मायला नमस्कार.
गजेंद्र

मोताळा, ९ ऑक्टोबर २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

घर फार स्वच्छ आहे. शाळेतल्या बाई आल्या होत्या, म्हणाल्या की दवाखान्यासारखं वाटतं. मी पाहुणी आल्यासारखी खुर्चीच्या टोकावर बसते. चहा करायचा तर नावं वाचत नऊ डबे सरकवते, आणि साखर सापडेपर्यंत चहाच विसरते. दोनदा भात करायचा राहिला, आम्ही मुरमुरे खाल्ले. पण एकही वस्तू बाहेर नाही, तू आलास तर खूश होशील.

मायचं डोकं दोन दिवस जड आहे. उन्हाचं असेल. दसऱ्याला येतोस ना? येऊन पाहा आणि मग तिला न्यायचं नाव काढू नकोस, एवढंच मागणं.

तुझी सुचिता

नांदुरा, २४ ऑक्टोबर २०२४

सुचितास,

दसऱ्याला मी येऊ शकलो नाही आणि १५ तारखेला माय पडली; काल तिला बुलढाण्याच्या दवाखान्यातून माझ्याकडे आणले. उजवे अंग गेले आहे आणि वाचाही. डॉक्टरांनी विचारले की रक्तदाबाची गोळी किती दिवस बंद होती. तू पदराने मायचे तोंड पुसत बसलीस. उत्तर मी देतो. मी तुझ्या घरी जाऊन निळ्या झाकणाचा डबा उघडला. पंधरा गोळ्यांचे पाकीट न फोडलेले! मी ठेवले तसेच. नाव लिहिलेले, नकाशा लावलेला, आणि हात लांब करून डबा उघडणे तुझ्याने झाले नाही.

नातलगांना मी सांगितले आहे. हिंमतरावमामा म्हणाले की सुचीच्या हाती कोंबडीही सांभाळायला देऊ नये. मी त्यांना अडवले नाही.

माय आता इथेच राहील. तू भेटायला येण्याची घाई करू नकोस.

गजेंद्र

नांदुरा, १७ नोव्हेंबर २०२४

चि. सुचितास अनेक आशीर्वाद.

तुझे उत्तर नाही, ते मी मागतही नाही. हे मात्र पूर्ण वाच.

परवा भंगारवाला आला म्हणून तुझ्याकडची पोती उघडली. तुझा तो रबर लावलेला गठ्ठा निघाला. फेकणार होतो, पण सवयीने मोजला. पंधरा गोळ्यांची बावीस पाकिटे, सगळी रिकामी. तीनशे तीस गोळ्या. मायच्या गोळ्या सुरू झाल्याची चिठ्ठी माझ्याकडे आहे, २८ ऑक्टोबर २०२३. तिथून दिवस मोजत आलो. तीनशे तिसावा दिवस २१ सप्टेंबर निघतो. पुन्हा मोजले. तोच निघतो.

एकही चुकली नव्हती, सुचे. तू दूध तापवताना खिडकीकडे पाहायचीस आणि पिशवी दिसायची. तू विसरलीसच तर मायला दिसायची. मायला अक्षर येत नाही हे मला जन्मापासून ठाऊक आहे, आणि मी तिच्या गोळ्या एका नावाच्या मागे ठेवल्या. पहिली गोळी चुकली २२ तारखेला. त्या दिवशी मी तुझ्याच घरात बसून दोन्ही वेळ जेवलो.

माझ्या दुकानात एकही पाना डब्यात नाही. सगळे भिंतीवर आहेत, कारण समोर दिसले नाहीत तर मलाही सापडत नाहीत. एवढे मला कळायला हवे होते.

हिंमतरावमामांकडे जाऊन हे सगळे जसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले की जाऊ दे बे, झालं ते झालं. तुला त्यांनी असे म्हटले नव्हते.

मायला १ डिसेंबरला, रविवारी तुझ्याकडे आणतो. तुला हवे तिथे खिळे ठोक, मी येऊन ठोकून देतो. इथे ती दिवसभर डाव्या हाताने पलंगावर थापा मारते, दोन-दोन. आम्ही पाणी देतो तर तोंड फिरवते. आम्हाला तिचे कळत नाही.

तुझा अपराधी दादा,
गजेंद्र

मोताळा, २३ नोव्हेंबर २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मायला आणू नकोस.

रागाने लिहीत नाही. राग असता तर बरं झालं असतं. तू मोजलंस ते खरंच असेल, पण तेवीस दिवस रोज सकाळी माय माझ्यासमोर चहा प्यायली आणि मला आठवलं नाही, हेही खरंच आहे. आता मी शाळेच्या वाटेवरून गॅस पाहायला तीनदा परत येते. परवा वर्गात हजेरी घेताना मध्येच उठून घरी आले. आता तिला दिवसाला पाच गोळ्या आहेत, कुशीवर वळवणं आहे, चमच्याने पाणी आहे. पिशवी टांगली तरी माझा माझ्यावर भरवसा उरला नाही. तो तू परत आणून देऊ शकत नाहीस, आणि मी तो तुझ्याकडे मागतही नाही.

मायचं मात्र लिहून घे. दूध दिलंस तर साय काढू नकोस, साय बोटाने चाटायला लागते तिला. डोकं पूर्वेला नको, तिकडे डोकं करून झोपलं की बाबा स्वप्नात येतात आणि ती दिवसभर चिडलेली असते. केस बांधताना डाव्या कानामागची गाठ दाबू नकोस, तिथे दुखतं. कुणी पोरांची नावं मोठ्याने वाचली की तिला झोप लागते. माझ्या हजेरीपटातली नावं उतरवून पाठवते आहे, अडतीस आहेत, सावकाश वाच.

आणि दोन थापा म्हणजे पाणी नाही. दार लोटलेलं असलं की ती इथेही पलंगावर तशाच मारायची. तिला रस्ता दिसू दे. दार उघड.

लोभ असेल तेवढा मायला दे. हे पत्र पेटीत टाकायचं राहू नये म्हणून चप्पल घालूनच लिहायला बसले आहे.

तुझी
सुचिता