मेणाची फडकी

सोलापूर,
२१ एप्रिल २०२५

ती. केराक्का यांना,
धाकट्या जावेचा, दिपालीचा, नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. ऊन मी म्हणतंय. दादांचा गुडघा कसा आहे? ह्यांची ड्युटी पुन्हा दुपारची झालीय. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी जेवण झालं का विचारते आणि ठेवून देते. पाच वेळा असं झालं. म्हणून कागद घेतला.

सोबत काही फडकी पाठवतेय. मेणाची आहेत. जुन्या सुती साडीचे चौकोन कापायचे, वर मधमाशीचं मेण किसून पसरायचं, थोडी राळ, दोन थेंब तेल, आणि कागद ठेवून इस्त्री फिरवायची. मेण कापडात मुरलं की हाताच्या उबेनं फडकं वाटीला, भाकरीला घट्ट बसतं. प्लास्टिक लागत नाही. धुवायचं मात्र गार पाण्यानंच. मी मोबाईलवर बघून शिकले.

पहिल्या खेपेला मेण जास्त झालं, घडी घातली की तडकायचं. दुसऱ्या खेपेची फडकी उन्हात तारेवर टाकली, तर मेण खाली फरशीवर. आपलंच ऊन, आपणच विसरतो. मग घाईत तव्यावरची भाकरी तशीच गुंडाळली आणि भाकरीला मेणाचा पापुद्रा. ती मीच खाल्ली. कडक भाकरीला मात्र झकास चालतात. आता गिऱ्हाइकांना भाकरी आणि शेंगाचटणी त्यातच देते, फडकं परत आणा म्हणते. निम्मे आणतात.

हे म्हणतात, घराला मेणबत्तीच्या कारखान्याचा वास येतोय, तुला झालंय काय? मला बसवत नाही, आक्का. भाकरी झाल्या की इस्त्री, इस्त्री झाली की धुणं, आणि मग चांगली झालेली फडकीसुद्धा पुन्हा इस्त्रीखाली. शेजारच्या श्रीदेवीला वाटतं, मला मोठी ऑर्डर मिळालीय.

चंद्रीबद्दल लिहायचं आहे, ते टाळायला हे सगळं लिहिलं.

पाडव्याला गावी आले, तेव्हा चटणी आणि कडक भाकरी मी प्लास्टिकच्या पिशवीतून आणली होती. तळाला चुरा उरला. तो वेगळा काढायचा कंटाळा केला. पिशवीला दुहेरी गाठ मारली आणि गोठ्यामागं भिरकावली. चुरा कुठलं तरी जनावर खाईल, एवढंच मनात. पिशवीचा विचारच केला नाही. मिठातेलाच्या वासानं चंद्रीनं, तुमच्या गाभण शेळीनं, तो पिशवीसकट गिळला. तिसऱ्या दिवशी तिचं पोट फुगलं. मेल्यावर जनावरांच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, तेव्हा आतल्या प्लास्टिकच्या गोळ्यावर चटणीच्या तेलानं लाल झालेली पिशवी होती, गाठीसकट. मी तुमच्या मागंच उभी होते. मी ओळखली.

तुम्ही ती पिशवी घेऊन तडक कमलम्माच्या भज्यांच्या गाड्यावर गेलात. हिच्याच पिशव्या गावभर उडतात, हिनंच माझी शेळी मारली, म्हणालात. तीस वर्षांची तुमची शेजारीण. सुईण यायच्या आधी तुमच्या बाळंतपणाला धावलेली. ती काही बोलली नाही. मीही नाही. मी तुम्हाला हाताला धरून घरी आणलं आणि प्यायला पाणी दिलं.

आता बायका तिच्याकडची भजी घेत नाहीत, हे तुम्हीच मला फोनवर सांगितलंत. तुमच्या आवाजात समाधान होतं. मला माझीच लाज वाटली, तरी मी बरं म्हणाले.

परवा शनिवारी मी गावी येऊन गेले. तुमच्याकडे आले नाही. कमलम्माकडे गेले. गाडा झाकलेला होता. ती दारात शेंगा निवडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पण तिचे हात थांबले नाहीत.

"मला म्हाईत हाय की," ती म्हणाली. "तसली गाठ तूच मारतीस."

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"केराला त्या दिशी कुणावर तरी वरडायचंच हुतं. मी शेजारची. मला शिव्या दिल्या तर कुणाचं घर मोडत न्हाय. तुझं नाव घेतलं असतं, तर तुमी दोगी जन्मात एका चुलीपाशी बसला नसता."

मी रडले. तिनं चहा केला. निघताना म्हणाली, केराला यातलं काही सांगू नकोस.

मी तिचं ऐकत नाहीये. आक्का, चंद्री माझ्यामुळं गेली, पोटातल्या करडांसकट. मी रविवारी येतेय. शिव्या द्यायच्या तर गाड्यापाशी द्या, सगळ्यांसमोर, जशा तिला दिल्यात तशाच. पण माझी वाट बघू नका. हे वाचून झालं की पायात चपला घाला आणि आधी तिच्याकडे जा. ती दारातच बसलेली असते, तुमच्या घराकडं तोंड करून.

यापुढं मला जाऊ म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तोवर नुसती,
दिपाली