मंदा, त्या फुकटच्या हॉलबद्दल

प्रिय मंदा,

तू गेल्याला अकरा महिने झाले आणि मी तुला एक ओळही लिहिली नाही. आज लिहितोय, कारण माझ्या जेवणाच्या टेबलावर चौदा पानांचा एक करार पडलाय आणि त्यावर तीन ठिकाणी पिवळ्या चिकट पट्ट्या लावल्या आहेत. जिथे पट्टी, तिथे मी सही करायची. शुक्रवारपर्यंत.

सही केली तर ती संस्था तुझे थोडे पैसे नेहाला परत देईल. बदल्यात तुझ्या मुलीने आणि तुझ्या भावाने त्या संस्थेबद्दल पुन्हा कधीही, कुठेही, बोलून किंवा लिहून एक शब्द काढायचा नाही. नेहाची वकीलबाई म्हणाली, "इट्स स्टँडर्ड." असेल! गळा दाबायचीही ठरलेली पद्धत असते म्हणायची.

तुझ्याशी बोलायला मात्र त्यात बंदी नाही. मी चौदाही पानं चाळून पाहिली. गेलेल्या माणसाशी कुणी बोलेल, हे त्यांच्या वकिलांना सुचलेलं दिसत नाही. म्हणून तुला सगळं सांगून टाकतो. तुला जे कधीच कळलं नाही, तेही.

आठवतं, त्या वर्षी गणपतीला आपल्या मराठी मंडळाला शाळेचा हॉल मिळाला नव्हता? भाडं वाढलं, विम्याचे कागद मागितले, आणि वर अट घातली की जेवण त्यांच्याच केटररकडून घ्यायचं. गणपतीला पास्ता! कमिटीत नुसती रडारड झाली. मग त्या संस्थेची ती बाई आली. निळा ब्लेझर, मोत्यांचे कानातले, आणि आपली सगळी आडनावं न अडखळता उच्चारणारी. हॉल फुकट, पार्किंग फुकट, आणि बाहेरचं जेवण चालेल!

मंदा, माणसं पैशासाठी विकली जातात, पदासाठी विकली जातात. आम्ही टेक्सासमधल्या शुगर लँडचे शिकलेसवरलेले मराठी लोक विकले गेलो ते 'बाहेरचं जेवण चालेल' या तीन शब्दांवर. दोनशे माणसांचा मसालेभात आपल्या पातेल्यांतून नेता येतोय ना, मग ही संस्था काय शिकवते, पैसे कुठून आणते, लोकांचं काय करते, हे कोण विचारणार? मीसुद्धा विचारलं नाही.

मी! कॉलेजात असताना साताऱ्याच्या आसपासची गावं बुवाबाजीविरुद्ध भाषणं करत पालथी घालणारा मी. तू तेव्हा पहिल्या रांगेत बसायचीस, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या की मागे वळून बघायचीस, कोण वाजवत नाही ते. एका बाबाने माझ्यावर माणसं घातली होती, तेव्हा आईने मला घरात कोंडलं आणि तू खिडकीतून मला चपला आणून दिल्यास. मला वाटायचं, ढोंगी माणूस मी वासावरून ओळखतो. ओळखायचोच. पण त्याच्या अंगावर कफनी हवी, हातात अंगारा हवा. इथे ब्लेझर होता. नवसाऐवजी पॅकेज होतं आणि अंगाऱ्याऐवजी छापील रिसीट होती. मी फसलो. नाही, चुकीचं लिहिलं. फसलीस तू. मी फक्त वापरला गेलो, आणि आनंदाने वापरला गेलो.

कसा, ते ऐक. गणपतीच्या आदल्या आठवड्यात ती बाई मला म्हणाली, "आमच्या इमारतीला प्रार्थनास्थळ म्हणून करमाफी हवी आहे, तुमच्या मंडळाकडून दोन ओळी मिळतील का?" दोन ओळी? माझ्याकडे? मी दीड पान लिहिलं. तुला आपली आभारप्रदर्शनाची पद्धत माहीत आहे. माइकवाल्याला आपण संगीताचा सेवक म्हणतो आणि खुर्च्या लावणाऱ्याला समाजाचा आधारस्तंभ. ऐकणाराही हसतो, बोलणाराही हसतो, आणि सगळे जेवायला जातात. मी त्याच सुरात लिहिलं, मात्र इंग्रजीत. ही वास्तू म्हणजे आत्म्याचं घर आहे, इथे खरा धर्म नांदतो, आमच्या समाजाला इथे देवळात आल्यासारखं वाटतं. खाली मंडळाचा शिक्का आणि अध्यक्ष म्हणून माझी सही.

आणि ते मी तुला फोनवर वाचून दाखवलं! तुझे विलासराव जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. तू म्हणालीस, "दादा, किती सुंदर लिहितोस रे." मला किती बरं वाटलं! तू ते पत्र खरं मानते आहेस, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

कार्यक्रमाला दाराशी चपला काढायच्या जागेजवळ त्यांनी एक टेबल मांडलं होतं. फुकट चाचणी, स्वतःला ओळखा. मोदकांची रांग लांब होती. तू रांगेत उभ्या उभ्या तो प्रश्नांचा कागद भरलास. मी तिकडे स्टेजवरून त्या बाईला नारळ देत होतो.

त्या कागदावरून त्यांनी तुला आपल्या वर्गांना बसवलं. पहिला वर्ग एका बऱ्या साडीच्या किमतीचा होता. चौथा गाडीच्या किमतीचा. सहाव्यासाठी तू घरावर कर्ज काढलंस, आणि पुढच्या तीन वर्गांचे पैसे आगाऊ भरलेस, कारण आगाऊ भरले की सवलत मिळते! सवलत! तू हॉस्पिटलात फार्मासिस्ट होतीस, मंदा. औषधाच्या बाटलीवरचं शेवटचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पेशंटच्या हातात ती द्यायची नाहीस. त्यांच्या कागदावरचं बारीक अक्षर का नाही वाचलंस? मी तुझ्यावर अजून चिडलेलो आहे, हे तुला कळू दे.

त्या बारीक अक्षरात काय होतं, सांगू? काही तक्रार असली तर कोर्टात जायचं नाही. संस्थेचेच तीन निष्ठावंत सदस्य बसतील आणि निवाडा करतील. म्हणजे ज्याने खिसा कापला, त्याच्याच तीन भावांपुढे फिर्याद मांडायची. आणि हे कायदेशीर आहे! या देशात लोक घरासमोरचं गवत चार बोटं वाढलं तरी नोटीस पाठवतात, पण एकदा धर्म म्हणून नाव लागलं की आत काय चाललंय ते विचारायला न्यायाधीशसुद्धा दहादा घसा साफ करतो.

मला कळलं तेव्हा मी छापील कागदांचा गठ्ठा घेऊन तुझ्या घरी आलो. आलो आणि काय केलं? भाषण! तुझ्या सोफ्यावर बसून दोन तास. इतिहास, मानसशास्त्र, कायदा, माझं होतं नव्हतं ते सगळं वाचन तुझ्या अंगावर ओतलं. तू चहाचा ट्रे हातात घेऊन उभी होतीस. तो ठेवायलासुद्धा मी तुला उसंत दिली नाही. शेवटी तू एवढंच म्हणालीस, "दादा, ते लोक ऐकतात रे. तास तास ऐकतात. विलासबद्दल मी तीन वाक्यं बोलले की तू चौथं स्वतः बोलतोस."

मी काय उत्तर दिलं, आठवतं? म्हणालो, "ऐकण्याचे पैसे घेतात ते!" वाक्य जमलं म्हणून मी मनातून खूशही झालो. लाज वाटते.

पंधरा दिवसांनी तुझं पत्र आलं. टाइप केलेलं, इंग्रजीत. त्यात दादा नव्हतं, मिस्टर होतं. माझ्या प्रगतीला तुम्ही बाधक आहात, यापुढे संपर्क ठेवू नये. तसंच पत्र तिकडे व्हर्जिनियात, हर्नडनला, नेहाला गेलं, कारण तिने घराच्या कर्जाचं विचारलं होतं. पोटच्या मुलीला, मंदा! तो मजकूर तुझा नव्हता, मला ठाऊक आहे. पण सही तुझी होती. तुझ्या सहीतला तो गोल 'म' मी लाखात ओळखेन.

मग दोन वर्षं काही नाही. आणि एके सकाळी तुझ्या हॉस्पिटलातल्या कुणा सहकारी बाईचा नेहाला फोन आला, की तू कामावर चक्कर येऊन पडलीस आणि डोक्यात रक्तस्राव झालाय. तिने मला कळवलं आणि मी घरून वीस मिनिटांत पोचलो. तुझ्या पलंगाशेजारी निळा ब्लेझर बसला होता. कागदोपत्री जवळची व्यक्ती म्हणून तिचं नाव! नर्सने मला दारातच विचारलं, "आर यू फॅमिली?" मी, दिवसात दहा हजार शब्द बोलणारा माणूस, तिथे माझ्या तोंडून हो निघायला वेळ लागला. नेहा व्हर्जिनियाहून पोचेपर्यंत तुझी शुद्ध गेली ती गेलीच.

नेहाने दावा लावला तो फक्त न घेतलेल्या वर्गांचे पैसे परत मिळावेत म्हणून. त्यांच्या वकिलांनी पहिलाच मुद्दा काढला, आम्ही धर्मसंस्था आहोत, हा आमचा आतला प्रश्न आहे, कोर्टाने यात पडू नये. पुरावा म्हणून जे कागद जोडले त्यात सगळ्यांत वर काय असावं? मंडळाचा शिक्का असलेलं दीड पान. समाजातल्या एका मान्यवर, विद्वान गृहस्थाचं मत! नेहाने ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "मामा, हे तू लिहिलंयस?" आयुष्यात मला इतकं टोचणारं काही कुणी विचारलेलं नाही, आणि तिचा आवाज तर चढलासुद्धा नव्हता.

तडजोडीच्या बैठकीत त्यांच्या वकिलाने आणखी एक गोष्ट काढली. अगदी सहज, कॉफी ढवळत. वर्गातल्या तुझ्या बैठकांची फाईल आहे म्हणाला. तू तास तास जे बोललीस ते सगळं टिपलेलं. "त्यात मुलीबद्दलही बरंच आहे. खटला चाललाच तर नाइलाजाने ते कोर्टात वाचावं लागेल. कुणाला हवंय ते?" हे ते ऐकणारे लोक, मंदा! ज्यांच्यापुढे तू मन मोकळं केलंस, त्यांनी त्याची सुरी करून तुझ्या मुलीच्या गळ्याला लावली.

नेहा पांढरीफटक पडली. गाडीत बसल्यावर मी तिला तत्त्वाच्या गोष्टी सांगायला लागलो. झुकायचं नाही, समाजापुढे हे आलं पाहिजे, वगैरे. सिग्नलला गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "तुला भाषण करायचंय, मामा. मला फक्त आई हवी होती. आय जस्ट वॉन्ट इट टू स्टॉप." करारावर सही करायची, असं मी तेव्हाच ठरवलं. पैसे तिचे, जखम तिची. माझ्या जिभेची किंमत ती काय?

मंडळाचा आत्ताचा अध्यक्ष, आपला तो देशमुख, त्याला हे कळलं तर तो खूश झाला. "काका, बेस्ट! सेटल करून टाका ना. नाहीतर ऑकवर्ड होतं, यार."

"तुला कसलं ऑकवर्ड?" मी विचारलं.

"अहो, यंदाच्या गणपतीचं बुकिंग तिथेच केलंय आपण. दुसरा हॉल मिळतच नाही. बाहेरचं जेवण कुणी चालवून घेत नाही, काका!"

मी फोन ठेवून दिला. शिवी द्यायची होती, पण कुणाला देऊ? त्या जागी मीच होतो की काही वर्षांपूर्वी.

इथवर लिहून झालं आणि नेहाचा फोन आला, मंदा. ती जे बोलली ते तसंच्या तसं लिहितो.

"मामा, तू साइन केलंस?"

"अजून नाही. करतोय."

"नको करू. मी नाही करत आहे."

"अगं, पण ती फाईल..."

"तेच तर. ती फाईल त्यांना वाचू दे. आई माझ्याबद्दल काय बोलली ते मला ऐकायचंय."

"वाईट असेल, बाळा. रागात बोलली असेल ती."

"असू दे ना बॅड! दोन वर्षं तिने माझ्याशी एक वर्ड बोलला नाही, मामा. त्या रूममध्ये ती माझ्याबद्दल तास तास बोलत होती. दॅट्स माय मदर टॉकिंग. शिव्या असतील तर शिव्या. मला हव्यात."

बघ मंदा, ज्या गोष्टीने त्यांनी तिला घाबरवलं, तीच ती हक्काने मागतेय! हे शहाणपण तिला कुठल्या पुस्तकाने दिलं नाही, आणि माझ्या भाषणाने तर नाहीच नाही. कोर्ट कदाचित आमच्या विरुद्ध जाईल. पैसे बुडतील, आणि आपला देशमुख त्या हॉलमध्ये आरती करेल. तरीही सही करायची नाही, असं तुझ्या लेकीने ठरवलंय, आणि टेबलावरचा करार मी बिनसहीचाच परत पाठवतोय.

आता तुला वचन देतो, आणि या वेळी शब्द मोजून देतो. माझी साक्ष होईल. त्यांचा वकील ते दीड पान माझ्या हातात देईल. सही तुमची? हो. आमची शिकवण तुम्ही अभ्यासली होती? नाही. एखादं पुस्तक, एखादं पान? नाही. मग हे सगळं का लिहिलंत? हॉल फुकट हवा होता म्हणून. एवढंच, यापुढे एक शब्द नाही. समोर रिकामा माइक असला तरी नाही.

आणि ज्या दिवशी ते तुझी फाईल उघडतील, त्या दिवशी मी नेहाच्या शेजारच्या खुर्चीत बसेन. माझ्याबद्दल तू काय काय म्हणाली असशील, याची मला कल्पना आहे. शेवटच्या पानापर्यंत ऐकेन, मंदा. मध्ये बोलणार नाही.

तुझा, मिस्टर नव्हे,
दादा