तमादाचं अजून संपलेलं नाही

तेलावी, १८ ऑक्टोबर

प्रिय तोर्निके,

पोलंडात थंडी सुरू झाली असेल. इकडे द्राक्षांची तोडणी आटोपली. आईचा गुडघा कुरकुरतोय आणि आई त्याहून जास्त.

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचं बोलणं अडतं ते अडतंच. टॅबलेटवर मी त्यांच्यासाठी बोलकी पाटी बनवली, ते तुला माहीत आहे. फोटोला बोट लावायचं, उरलेलं वाक्य ती पुरं करते. शब्द शोधताना त्यांची दमछाक नको, म्हणून त्यांच्या जुन्या बोलण्यातली वाक्यंच तिच्यात भरली. ऑफिसात माझं कौतुक झालं. बाबांनी मात्र पाटी दोनदा पलंगाखाली ढकलली. मला वाटलं, म्हातारा हट्टी.

रविवारी तोडणीची मेजवानी होती. आजारी माणसाला कशाला त्रास, असं आई म्हणत होती, पण प्याला उचलून सगळ्यांच्या वतीने बोलणाऱ्या तमादाच्या जागी शेजारच्या वाझाकाकांनी बाबांनाच बसवलं. प्याला उचलून बाबांनी तुझ्या फोटोला बोट लावलं. ओठ हलले, तोच पाटी बोलली, "तोर्निके या मेजावर नको."

वाझाकाकांनी डोक्यावरची टोपी काढून पाटीवर ठेवली. "लामारा, हिला आवर. तमादाचं अजून संपलेलं नाही."

ते संपेपर्यंत आपल्यात कोण घोट घेतो? सगळे प्याले धरून बसले. कोणी शब्द सुचवला नाही. मटण गार झालं. शेवटी बाबांनी शेजारची रिकामी खुर्ची ओढली, तिच्यावर थाप मारली आणि स्वतःच्या आवाजात म्हणाले, "इथं."

आता इतका वेळ टाळलं ते लिहिते. उन्हाळ्यात तू फोनवर विचारलंस, बाबा माझं नाव काढतात का. मी म्हणाले, अजून नकोच म्हणतात. ते बाबा नव्हते रे. तू गेलास तेव्हाचं त्यांचं तुझ्याशी झालेलं भांडण पाटी पुन्हा पुन्हा बोलत होती. ती त्यांच्या हाताकडे बघत नव्हती, थांबतही नव्हती. मीच तिला तशी केली होती. फार लाज वाटते.

आता ती थांबते. हात बघते, आवाज ऐकते आणि बाबांनी मान डोलावल्याशिवाय ब्र काढत नाही.

खुर्ची अजून तिथंच आहे. आई रोज तिला ठेचकाळते आणि शिव्या तुला घालते.

बाबा शेजारी बसलेत. तोर्निकेला काय लिहू, असं विचारून मी पेन खाली ठेवलं. चहा निवला. मग ते बोलले, तेच लिहिते.

ये.

तुझी
लामारा