मरणोत्तर आजन्म सदस्य

काचीगुडा, हैदराबाद
मंगळवार, २९ एप्रिल १९९७

तीर्थस्वरूप कुसुमताईंना शरदचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिले. तुमचे गुडघे कसे आहेत? नांदेडचे ऊन इथल्यापेक्षा कडक, तेव्हा दुपारी बाहेर पडू नये ही विनंती. तुमची तीनही पत्रे पोचली. तिन्हींत एकच प्रश्न आहे, की वासंतीच्या अस्थी गोदावरीत कधी सोडणार. तुमच्या धाकट्या बहिणीचे काम तीन महिने अडले आहे आणि तुमची काळजी रास्त आहे. उशिराचे कारण एवढेच, की आमच्या सिकंदराबादच्या कचेरीत रजा मिळत नाही. (रेल्वेत नोकरी करून रेल्वेने गोदाकाठच्या बासरपर्यंत जाता येत नाही, हे खरे वाटणार नाही, पण असे आहे.) अस्थींचा लोटा नीट आहे. आधी बाल्कनीत खिळ्याला टांगला होता. कावळे फार येऊ लागले म्हणून मार्चमध्ये आत घेतला. त्यावर आमच्या घरमालकीण सत्यवतीअम्मा रोज जिन्यात गाठून म्हणतात, "अण्णा, ऐसा घर में नै रखते जी." मी "हौ अम्मा" म्हणतो आणि ऑफिसला जातो.

परवाच्या रविवारी जे झाले ते मात्र तुम्हाला कळवायला हवे, कारण त्यात थोडा दोष तुमचाही आहे असे मला आधी वाटले होते. शुक्रवारी मराठी मंडळाचे कार्ड आले. त्यावर छापले होते, "विसर्जनानिमित्त सन्मान समारंभ, रविवार सकाळी दहा." खाली शाईने लिहिलेले, "कै. सौ. वासंतीबाईंचा सन्मान असल्याने यजमानांनी अगत्य यावे." मी जानेवारीपासून मंडळात पाऊल टाकलेले नाही. कार्ड वाचून मला वाटले, तुम्ही कंटाळून नामदेवरावांना पत्र टाकले असणार. (नामदेवराव आमचे अध्यक्ष. सरकारच्या कायदा खात्यातून निवृत्त. तुम्ही त्यांना आमच्या घरी पाहिले आहे, चहात बिस्कीट बुडवताना ज्यांची टोपी पडली ते.) मंडळाने सहलीसारखी बस ठरवली असेल, दहाला सन्मान आणि मग सगळे मिळून गोदावरीवर, असे मी धरून चाललो. मला हे बरे वाटले नाही, पण मी नाही म्हटले असते तर कारण सांगावे लागले असते. म्हणून लोटा वासंतीच्या वायरच्या पिशवीत ठेवला आणि रिक्षाने गेलो.

खरा प्रकार असा होता. मंडळाच्या खालच्या हॉलमध्ये कॉम्प्युटरचे क्लास काढायला एक कंपनी जागा मागत आहे. निम्मी कार्यकारिणी द्या म्हणते, निम्मी नको म्हणते. सहा महिने भांडून शेवटी कार्यकारिणी बरखास्त करून नवी निवडणूक घ्यायचे ठरले. नामदेवराव रेडिओवर विलायतेच्या बातम्या ऐकतात. तिकडे याच महिन्यात पार्लमेंट विसर्जित झाली, आणि अशा वेळी जाणारा प्रधान मानकऱ्यांची यादी काढतो, हे त्यांना फार आवडले. एरवी त्यांच्या तोंडात बरखास्त, बाकायदा, दरखास्त असेच शब्द असतात. पण मंडळ मराठीचे, कार्ड मराठीचे, म्हणून त्यांनी बरखास्तीऐवजी शुद्ध शब्द घातला, विसर्जन. ते नेहमीसारखे बोलले असते तर मी लोटा घेऊन गेलो नसतो.

दारात तन्वी होती. ही पुण्याहून आलेली कॉम्प्युटरवाली मुलगी, आमची चिटणीस. दर रविवारी मंडळातल्या मुलांना वासंती मराठी वाचायला शिकवायची, तेव्हा ही मदतीला असे. ती म्हणाली, "काका, बरं झालं आलात. द्या ती पिशवी." मी दिली. मला वाटले, तिला माहीत आहे. मी मागच्या रांगेत बसलो. दहा मिनिटांनी वर पाहतो तो व्यासपीठावरच्या टेबलावर, तांदळाच्या राशीवर लोटा मांडलेला, कडेने आंब्याची पाने, वर नारळ, आणि तन्वी त्याला हळदकुंकू वाहते आहे. पूजेचा कलश आणायला सगळे विसरले होते, आणि मी आठवणीने आणला म्हणून नामदेवरावांनी लांबूनच मला हात केला. मी उठायला हवे होते. पण तोवर माणसे रांगेने नमस्कार करू लागली होती, आणि भरलेल्या सभेत मी आजवर कधी उठलेलो नाही. शिवाय ती सौभाग्यवती गेली. हळदकुंकवात चूक काही नव्हती.

मग नामदेवरावांचे भाषण झाले. ते पाऊण तास चालले. त्यांनी समजावले की तिकडे दोन सभागृहे असतात, आणि खालच्यात जो फार भांडतो किंवा थकतो, त्याला मान देऊन वरच्यात बसवतात, तिथून त्याला मरेपर्यंत कोणी हलवत नाही. आपल्याकडे वर लायब्ररीची खोली आहेच. (तिथला पंखा दोन वर्षे बंद आहे.) तेव्हा दोन्ही पक्षांतले अकरा जण आजन्म सदस्य म्हणून वर बसतील. "ज्यांनी जास्त तंटा केला त्यांना आधी वर पाठवतो," ते म्हणाले, "म्हणजे खाली अमन." मागून कोणीतरी म्हणाले, "मग पहिले तुम्हीच जा की!" हशा झाला. त्या भरात ते म्हणाले, "आता बारावं नाव. वासंतीबाई तर आधीच वर गेल्यात..." आणि थांबले. त्यांनी घाईने कागद डोळ्यांजवळ धरून वाचले, "कैलासवासी सौभाग्यवती वासंतीबाई सेलूकर यांना मरणोत्तर आजन्म सदस्यत्व."

हे कसे जमायचे ते कोणीच विचारले नाही. मला राग आला नाही. असल्या वाक्यावर ती मुलांना फळ्यापाशी उभे करून विचारायची, "यात काय चुकलं, सांगा?" मी तिच्या सन्मानाची शाल घ्यायला व्यासपीठावर गेलो तेव्हा लोट्याच्या अगदी जवळ उभा होतो. नारळ थोडा कलला होता, तो सरळ केला.

त्यानंतर नामदेवरावांनी सभा विसर्जित झाल्याचे जाहीर केले आणि लोक चपला शोधू लागले. तन्वीने नारळ उतरवला आणि लोट्याच्या तोंडावरचे लाल फडके सोडू लागली. गाठ सुटेना. तिने नखाने पाहिले, मग दाताने सोडवायला वाकली आणि मला म्हणाली, "काका, कसली गाठ मारलीय ही! पाणी तुळशीला घालायचं होतं."

तेव्हा मला बोलावे लागले. मी म्हणालो, "पाणी नाही ते. तुझ्या काकू आहेत."

मी हळू बोललो होतो, पण समोरचा माइक चालू राहिला होता.

तन्वीने हात मागे घेतले आणि तिथेच पायरीवर बसून रडू लागली. निघालेली माणसे जागच्या जागी थांबली. मला वाटले, आता विटाळ, शांती, गोमूत्र असे काहीतरी निघणार. नामदेवरावांनी टोपी काढली, लोट्याकडे पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे आज अध्यक्षस्थानी त्या होत्या. मग मी सभा विसर्जित करणारा कोण? मला अखत्यारच नाही. अध्यक्ष उठल्याशिवाय सभा संपत नाही. बसा सगळे."

आणि ताई, सगळे बसले. कॉम्प्युटरवाले बसले, विरोधी बसले. किती वेळ ते मी पाहिले नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण अध्यक्षांना उठवायचे ते मीच. शेवटी मी लोटा पिशवीत ठेवला आणि पिशवी उचलली, तेव्हा सगळा हॉल उभा राहिला. मी दारातून बाहेर पडेपर्यंत कोणी खाली बसले नाही.

मुलांना आशीर्वाद. पत्र आबिड्सच्या मोठ्या पोस्टात स्वतः टाकतो आहे.

तुमचा आज्ञाधारक,
शरद

ता. क. कॉम्प्युटरचे क्लास येणार असे दिसते. वरच्या खोलीत खिडकीपाशी वासंतीची वेताची खुर्ची ठेवली आहे. तिच्यावर अजून कोणी बसत नाही. पंखा दुरुस्त झाला.

दुसरा ता. क. रविवारी, ११ मेला मी बासरला येतो. तुम्ही नांदेडहून या, मी स्टेशनवर थांबेन. नामदेवरावही येतो म्हणतात, अध्यक्षांना निरोप द्यायला मंडळाचे कोणीतरी हवे म्हणून. त्यांना भाषण करू देऊ नये.

तिसरा ता. क. रजा फेब्रुवारीतच मंजूर झाली होती. तिसऱ्या दिवशी ते फडके तुम्ही बांधलेत. ती गाठ मलाही सुटते का, हे मी अजून पाहिलेले नाही. तुम्हीच येऊन सोडा.