गेलेल्या माणसाच्या माथी

३ जानेवारी १९५५, चिंचवड
पोचलो एकदाचा! सकाळी गाडीतून उतरलो तेव्हा थंडीने दात वाजत होते, पण आम्हा संगमेश्वरच्या माणसांना थंडीचंही कौतुक. बाटल्यांचा नवा कारखाना स्टेशनजवळच्या माळावर उभा राहतोय. काच वितळवायची भट्टी बांधायची आणि शिमग्याआधी पेटवायची, एवढ्यासाठी चौघे आधीच नेमलेले, मी पाचवा. नकाशे माझ्याकडे.

आमचे मुख्य रंगराव, मिशा कडक आणि आवाज लोण्यासारखा. भिमाजी गवंडी कुरुळीचा. नळजोडणीला सयाजी फिटर. सामान उद्धवरावांच्या ताब्यात, आणि पानाचा तोबरा कायम गालात. चौघांनी जावई आल्यासारखं माझं स्वागत केलं. माझ्या जागेवर पूर्वी हिंदुराव म्हणून कुणी होते, ते नोकरी सोडून गेले म्हणे. राहायला गावात ठकुबाईंची खोली मिळाली, आणि त्यांचं पिठलं झकास! आईला पत्र टाकलं, मुरार सुखात आहे.

८ जानेवारी
या लोकांत भांडण म्हणून नाही! आधीच्या नोकरीत माणसं एकमेकांच्या हातचं पाणी पीत नव्हती. इथलं गुपित आज कळलं. सुटीचा भोंगा झाला की सगळे भट्टीच्या तोंडाशी जमतात. दिवसभरात काय बिघडलं ते रंगराव सांगतात आणि विचारतात, हे कुणाचं काम? चौघे एका सुरात ओरडतात, हिंदुरावाचं! खापर फुटलं, हसले, घरी गेले.

रंगरावांनी मला बाजूला घेऊन समजावलं. पूर्वी भिमाजी आणि सयाजी एकमेकांच्या उरावर बसायचे आणि काम अडून राहायचं. गेलेल्या माणसाला काय लागतंय, म्हणाले. डोकं आहे बुवा माणसाला.

१७ जानेवारी
आज मी माती खाल्ली. कमानीचं माप उतरवताना चुकलो आणि भिमाजीने खपून बांधलेली कमान कोसळली. नोकरी अजून कच्ची, त्यामुळे दिवसभर नकाशात डोकं खुपसून बसलो. संध्याकाळी रंगरावांनी विचारलं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मी ओरडलो, हिंदुरावाचं! भिमाजीने पाठीवर थाप मारली. आता मी यांच्यातला झालो. लाज वाटली, नाही असं नाही, पण लाजेपेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं.

एक मात्र विचित्र घडलं. आमचं ओरडणं थांबलं आणि भट्टीच्या आतून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "व्हय." आत कुणीच नव्हतं. मी चौघांकडे पाहिलं, तर चौघेही वहाणा शोधत होते.

१८ जानेवारी
भिमाजीला विचारलं. नव्या बांधकामात आवाज घुमतो म्हणाला, आणि तंबाखू मळायला लागला. तंबाखू सगळी खाली सांडली. सयाजी तेवढ्यात म्हणाला, "असलं इचारू नगा, राव." नाही विचारणार. माणसं चांगली आहेत, कशाला वाकड्यात शिरा?

२ फेब्रुवारी
आज आतून उत्तर आलं नाही. रंगरावांनी पुन्हा विचारलं, आम्ही पुन्हा ओरडलो. भट्टी गप्प. उद्धवराव पुटपुटले की हिंदुराव संपला. लगेच भिमाजी आणि सयाजी हमरीतुमरीवर आले, नळ कुणी वाकवला म्हणून. मग चौघे एकदम थांबले आणि माझ्याकडे बघून हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

७ फेब्रुवारी
चहाला मला कुणी बोलावलं नाही. माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलत होते: चांगला होता बिचारा, गेला. थट्टा समजून मीही हसलो. दुपारी भिमाजीचा घण चुकून पडला आणि वीट तडकली. संध्याकाळी रंगरावांचा प्रश्न. चौघे ओरडले, मुराररावाचं! मी नाही म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते "होय". माझ्याच तोंडून. आणि माझं डावं मनगट तडकलं. काडकन आवाज झाला. चौघे वहाणा शोधत होते.

८ फेब्रुवारी
पळून जायचं ठरवलं. फाटकावरचा पहारेकरी माझ्या आरपार बघत कुणाला तरी सांगत होता, मुरारराव कालच सोडून गेले. ठकुबाईंच्या दारात उभं राहून हाका मारल्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, "गुणी पोरगं व्हतं, पर न सांगता गेलं बघ." स्टेशनच्या वाटेला लागलो. भोंगा झाला. पाय, माझेच पाय, मागे वळले. भट्टीत येऊन उभा राहिलो.

११ फेब्रुवारी
रोज आता. चोर सोडून संन्याशाला फाशी. उद्धवरावांनी खोका पाडला — माझी बरगडी. सयाजीने पत्रा चुकीचा कापला — माझा कान. आईला पत्र कसं पाठवू, कुणी हातात घेत नाही. हिंदुराव, कमान माझ्यामुळे पडली होती. मीच ओरडलो, सगळ्यांत मोठ्याने. ती तुमच्या कुठल्या हाडावर पडली —

१४ फेब्रुवारी
आज एक कळलं. भिमाजीच्या तोंडून चुकून निघालं, "माझं—" आणि माझे पाय सुटले! दाराकडे एक पाऊल पडलं! रंगरावांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. भिमाजीने शब्द गिळला आणि इतरांच्या सुरात सूर मिळवला. पाय पुन्हा रुतले. म्हणजे चौघांचं एकमत लागतं. एकाने, फक्त एकाने, आपली चूक आपली म्हटली तर मी सुटतो. ओरडून सांगतोय. कुणी ऐकत नाही.

१५ फेब्रुवारी
पेटवली भट्टी. मी आतच, पण आग मला लागत नाही, लागतात त्या फक्त यांच्या चुका. सयाजीने तेलाच्या नळाचा सांधा आवळला नव्हता. जाळ बाहेर — विटा वाहणारी रतनबाई समोर होती — फार भाजली. ट्रकमध्ये घालून नेलं तिला. एवढं मोठं आजवर कधी — हे माझ्या अंगावर आलं तर मी उरत नाही —

भोंगा. चौघे आले. रंगराव विचारताहेत. तिघे ओरडले. माझं नाव.

सयाजी गप्प. रडतोय. सयाजी, तुला ठाऊक आहे कुणाचं काम ते. बोल. एवढंच बोल —

मान वर केली. माझ्याकडे बघतोय. आरपार नाही, थेट डोळ्यांत. म्हणजे याला दिसतो मी! पहिल्यापासून दिसत होतो, चौघांनाही दिसत होतो आणि —

तोंड उघडतोय. सयाजी, बाबा रे —

डोळे मिटून घेतले त्याने, आणि ओरडला, मुरा—