पोपटी टी-शर्ट आणि गच्चीवरच्या सळया

शनिवार, ११ जानेवारी. काग्वास.

उद्या बोट. आयुष्यातली पहिली. तसा मी समुद्रातलाच माणूस. रिंकोनच्या किनाऱ्यावर तीन महिने सर्फबोर्ड भाड्यानं द्यायचो. पण ते सगळं गुडघाभर पाण्यात.

सुहेलीच्या घरचे सगळे आठवडाभर बेटांच्या सहलीला जाताहेत. तिचे वडील डॉन एफ्राईन, आई डोन्या मिग्दालिया, आणि डॉन एफ्राईनची आई, प्रोवी आजी. मोठ्या माणसांना आमच्याकडे मानानं डॉन, डोन्या म्हणतात. मला नेताहेत ते उगाच नाही. डॉन एफ्राईन सरळच म्हणाले, "आठवडाभर बघतो तुला. मग ठरवू."

काय ठरवायचं ते गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. त्यांच्या गच्चीवर सळया उभ्या आहेत, सुहेली शाळेत होती तेव्हापासून. लेकीचं लग्न ठरलं की वर मजला चढवायचा आणि लेक-जावयानं तिथं राहायचं. सळया गंजून लाल झाल्यात. म्हणजे मजला आमचाच, फक्त अजून झालेला नाही.

अडचण एकच. डॉन एफ्राईननी जन्मभर शाळेची बस चालवली, एकदाही उशीर नाही. आणि माझ्याबद्दल त्यांचा गैरसमज असा की मी उशिरा येतो. मी उशिरा येत नाही. मला रस्त्यात माणसं भेटतात.

निश्चय: आठवडाभर सगळीकडे पाच मिनिटं आधी.

रविवार, १२ जानेवारी. सान हुआन बंदर.

पोचलो. किंचित उशीर. रस्त्यात एका शहाळेवाल्याचा फ्रिज घरघरत होता. फ्रिज दुरुस्तीचा अर्धा कोर्स मी केलाय, माणुसकी म्हणून थांबावं लागलं. दुरुस्त झाला नाही, पण बिघाड कुठे आहे ते जवळजवळ कळलं.

बंदरावर डॉन एफ्राईन रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आले राजे! कप्तानाला सांगा, आता हलवा बोट."

डोन्या मिग्दालियानं सगळ्यांसाठी टी-शर्ट छापून आणलेत. पोपटी रंग, इतका की डोळे मिटले तरी दिसतो. पुढे 'सिंत्रोन कुटुंब, पहिली बोट', पाठीवर ज्याचं त्याचं नाव. माझ्या पाठीवर 'पाहुणा'. म्हणाली, "नाव घालायचं होतं रे बाळा, पण छापायला टाकलं तेव्हा नक्की नव्हतं ना." काय नक्की नव्हतं ते मी विचारलं नाही. पाहुणा हासुद्धा मानाचाच शब्द आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

फोन गेला. डेकवर गरम पाण्याचा हौद आहे, त्यात. तोल कसा सांभाळायचा ते सुहेलीला दाखवत होतो. प्रोवी आजीनं जेवणाच्या हॉलमधून वाटीभर तांदूळ मागून आणले आणि फोन त्यात पुरला. तांदूळ शिजवलेले होते.

पण प्रत्येक गोष्टीत चांगलं असतंच. डॉन एफ्राईननी बॅगेतून स्वतःचं जुनं घड्याळ काढलं. किल्लीचं, जड. "माझं बसवरचं आहे. घाल. आता सबब नको." असं घड्याळ कोण कोणाला देतं? हा जवळजवळ साखरपुडाच.

सोमवार, १३ जानेवारी. सेंट थॉमस.

आज एक मजेदार रिवाज बघितला. बोट सुटायच्या वेळी सगळे प्रवासी वर कठड्याला येऊन उभे राहतात आणि धक्क्यावरून धावत येणाऱ्यांची टर उडवतात. शिट्ट्या, टाळ्या, "पळ काके, पळ!" आज एक जोडपं पिशव्या सांभाळत पळत आलं. जेमतेम चढलं.

मी हे बघितलं ते खालून. कारण मीही त्यांच्या मागेच होतो. एका माणसाच्या खांद्यावर इग्वाना होता, घोरपडीएवढा सरडा. तो चावतो का एवढंच विचारलं. उत्तर लांबलं. सिंत्रोन कुटुंब दारापाशी उभं होतं, वरून लोक ओरडत होते, आणि पोपटी रंगामुळे आम्ही पाचही जण लांबून ओळखू येत होतो.

डॉन एफ्राईन जेवताना एकच वाक्य बोलले, तेही मिठाच्या डबीकडे बघून. "बोट कोणासाठी थांबत नाही. आणि मीही थांबत नाही."

सुहेली हळूच म्हणाली, "गादिएल, मी तुला किती वेळा वाचवायचं?" किती जीव आहे तिचा माझ्यावर.

मंगळवार, १४ जानेवारी. समुद्रात.

दिवसभर पाणीच पाणी. टेन्शन.

दुपारी डॉमिनो. डॉन एफ्राईन सोंगट्या टेबलावर अशा आपटतात की शेजारच्यांचं सूप सांडतं. खेळता खेळता म्हणाले, "उद्या सेंट किट्स. तीन वाजता चौकातल्या हिरव्या घड्याळाखाली. एकदाच सांगतो. वेळेवर आलास तर घरी गेल्या गेल्या गवंड्याला फोन करतो. नाही आलास तर..." आणि डबल सहाची सोंगटी आपटली.

माझा घास हातातच राहिला. डोन्या मिग्दालिया म्हणाली, "अहो, पोराला खाऊ तरी द्या." ते म्हणाले, "खाऊ दे की. तेवढं वेळेवर करतो."

भोंग्यावर सांगत होते की बोटीची वेळ तीच खरी, बेटांवरची घड्याळं बघून फसू नका. हे मी डोक्यात पक्कं ठोकून ठेवलंय.

मग पोहायला गेलो. घड्याळ सुहेलीकडे दिलं. परत घेताना ती सकाळपेक्षा बरीच निवांत दिसली. समुद्राची हवा मानवते तिला.

बुधवार, १५ जानेवारी. सकाळ.

युक्ती सुचली! घड्याळ एक तास पुढे केलं. कोणाला सांगितलं नाही. आणि पुढे केलंय हे स्वतःही विसरून जायचं, नाहीतर उपयोग काय? विसरण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

फळ लगेच मिळालं. नाश्त्याला गेलो तर हॉलला कुलूप. लोक किती आळशी असतात! मग उतरायच्या दारापाशी जाऊन बसलो. पहिला मी. पुष्कळ वेळानं डॉन एफ्राईन आले. मला तिथं बघून थबकले. मागं वळून बघितलं, मग पुन्हा मला बघितलं.

"हं," म्हणाले.

त्यांच्याकडून हे म्हणजे भाषणच. डोन्या मिग्दालियाचे डोळे भरून आले. सुहेलीनं माझा हात दाबला. वरचा मजला मला दिसायला लागला. खिडक्या निळ्या.

बुधवार, माझ्या घड्याळात पावणेपाच.

वाचलो! बोटीवर आहे.

झालं असं. गावात सगळ्यांना आपापली खरेदी. मी एकटाच फिरत होतो. झाडाखाली चार म्हातारे सोंगट्या खेळत होते. मी फक्त उभा राहिलो. मग त्यातला एक उठला आणि त्याची जागा कोणीतरी घ्यायला हवी होती. चौथ्या डावाला सहज मनगटाकडे बघितलं. साडेचार! तीनला भेटायचं होतं! तसाच चौकाकडे पळालो.

हिरव्या घड्याळाखाली कोणी नाही. घड्याळाला चार तोंडं आणि चारही तोंडं सांगत होती, अडीच. दुसरा कोणी फसला असता. निवांत बसला असता तिथं, गोळा खात. मी फसलो नाही. बेटाची वेळ निराळी, बोटीची निराळी.

म्हणजे घरचे वाट बघून बोटीवर निघून गेले. 'मीही थांबत नाही' म्हणालेच होते. धक्क्यापर्यंत असा पळालो की शाळेतसुद्धा पळालो नव्हतो. दारावर कार्ड दाखवलं, टुंग वाजलं, आत. पहारेकरी हसला. पण वेळेत चढलो की नाही?

डॉन एफ्राईनसमोर लगेच जाण्यात अर्थ नाही. राग जरा निवू दे. टॉवेलांच्या गाड्यामागे एक खुर्ची आहे, तिथं बसलोय. प्रोवी आजी गुडघ्यांमुळे उतरलीच नव्हती. ती खाली बिंगो खेळतेय.

बुधवार, माझ्या घड्याळात सात वाजून गेलेत.

मधे डुलकी लागली. बोट अजून धक्क्यालाच! पाचला सुटणार होती. दोन तास उशीर, आणि बोलणी मला.

भोंग्यावर कोणाची तरी नावं पुकारताहेत. अमेरिकन उच्चार, एक अक्षर कळत नाही. कोणीतरी राहिलेत वाटतं. लोक कठड्याकडे चाललेत. मीही जातो, पिझ्झाचा तुकडा घेऊन. एकदा तरी ही गंमत वरून बघायची आहे.

बुधवार, नंतर.

लिहवत नाही. पण लिहितो.

कठड्याला ही गर्दी. खाली धक्क्याच्या पार टोकाला तीन ठिपके धावत येत होते. सगळे ओरडत होते. मी सगळ्यात मोठ्यानं. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. "पळ म्हाताऱ्या, पळ! पोट सांभाळ!" शेजारचे हसले. मला बरं वाटलं.

मग ठिपके जवळ आले. ते पोपटी होते.

जिना काढून घेतला होता. दोर सुटले होते. डॉन एफ्राईन सर्वांत पुढे, एका हातात सुहेलीच्या पिशव्या, दुसरा हात छातीवर. पाण्याच्या काठाशी थांबले आणि त्यांनी वर बघितलं. हजार तोंडांत त्यांना नेमकं माझंच दिसलं. बहुधा टी-शर्टमुळे. माझा हात अजून वर होता. तो खाली घ्यायचा की हलवायचा ते मला कळेना. मी हलवला.

ते हलले नाहीत. धक्काच मागे सरकत गेला.

खाली जाऊन आजीला सांगितलं. तिनं घड्याळ बघितलं, भिंतीवरचं बघितलं, आणि बिंगोचा कागद खाली ठेवला. म्हणाली, "काल तू पोहत होतास तेव्हा सुहेलीनं हे तासभर पुढे केलं. मी बघत होते. म्हटलं, पोरगी शहाणी आहे."

"आजी, आज सकाळी मीपण केलं."

आजीनं छातीवर क्रूस काढला. "अय बेंदितो! अरे पोरा, जन्मात एकदा लवकर आलास!"

शुक्रवार, १७ जानेवारी.

वेटर रोज पाच ताटं मांडतो. आजी पर्समधला स्वतःचा मसाला प्रत्येक पदार्थावर भुरभुरते आणि जेवते. मला जात नाही. म्हणजे पहिल्या वाढपानंतर जात नाही.

आज बोटीच्या ऑफिसातल्या बाईनं सुहेलीला फोन जोडून दिला. त्यांची कागदपत्रं मिळाली, उद्या विमानानं घरी जातील. सुहेलीनं सगळं सांगितलं. तीनला घड्याळाखाली आले. मी नाही. साडेतीन. मी नाही. मग गावभर शोधलं. डोन्या मिग्दालियानं एका चर्चमध्येसुद्धा बघितलं, जिथं मी असणं शक्य नाही. शेवटी धक्क्याच्या फाटकापाशी आले. पहारेकरी म्हणाला, चढा, दार बंद होतंय.

डॉन एफ्राईन म्हणाले, "आमचा पोरगा अजून गावात आहे. त्याला टाकून जाणार नाही."

डोन्या मिग्दालिया म्हणाली, अहो, तो आत असेल, विचारा तरी. तर म्हणाले, "तो? आणि आधी? डोकं फिरलंय का तुझं?" आणि पुन्हा गावात पळाले. परत आले तेव्हा पहारेकऱ्यानं बघून सांगितलं, तो पोरगा दुपारीच चढलाय. तेव्हा ते धावले.

मी विचारलं, "खरंच 'आमचा पोरगा' म्हणाले?"

सुहेली म्हणाली, "गादिएल, ठेवते मी फोन."

पण म्हणाले ना!

निश्चय: घड्याळाचे दोन्ही तास माझेच, असं सांगणार. सुहेलीचं नाव येऊ देणार नाही. तीच मग न राहवून पुढे येईल, म्हणेल, बाबा, एक माझा. सगळे रडतील. चांगला प्लॅन आहे.

रविवार, १९ जानेवारी. सान हुआन.

सगळ्या बॅगा आणि आजी, दोन्ही सुखरूप उतरवल्या. वाटलं होतं निदान पाठीवर थाप पडेल.

डॉन एफ्राईननी आईचा मुका घेतला. बॅगा गाडीत टाकल्या. मग माझ्यासमोर तळहात धरला. मी हात मिळवायला गेलो. त्यांना घड्याळ हवं होतं.

ते फोनशी जुळवून बघितलं. "दोन तास पुढे."

"दोन्ही मीच केले," मी म्हणालो. आणि थांबलो.

सुहेली चपलेकडे बघत होती. आजी सुहेलीकडे बघत होती. गाडीचं दार लागलं. गाडीत जागा नव्हती, बॅगांमुळे. मी बसनं आलो.

घरी जाऊन सांगेल ती. सगळ्यांसमोर कसं सांगणार?

रविवार, २६ जानेवारी. काग्वास.

डॉन एफ्राईनचा फोन. "आठला ये. शिडी धरायला माणूस पाहिजे." मला माहीतच होतं, राग फार दिवस राहणारा माणूस नाही तो.

पाच मिनिटं आधी पोचलो. कुठलंही घड्याळ पुढे न करता. वाटेत एकाची मोटरसायकल बंद पडली होती, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, ते असो. टी-शर्ट घालून गेलो होतो. डोन्या मिग्दालियानं बघितला आणि कॉफी करायला आत गेली. आजी दारात खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "आलास? आज वेळेवर आलास रे बाळा." सुहेली आतल्या खोलीत होती, डोकं दुखतंय म्हणे.

शिडी मी धरली. घट्ट. डॉन एफ्राईन गच्चीवर चढले, कटर सुरू केलं. ठिणग्या माझ्या डोक्यावर पडत होत्या, पण शिडी सोडली नाही. सळया एकेक करून अंगणात पडल्या. सगळ्या, बुडापासून. मीच गोळा करून फाटकाबाहेर रचल्या.

बऱ्याच गंजल्या होत्या तशा. बहुधा आता नव्या टाकणार, लांब. विचारलं नाही. ते कामात होते.